ब्लोअरचा पंखा आणि पानाची खालची बाजू

द्राक्षाच्या फळछाटणीनंतर बागेत सर्वाधिक वेळा फिरणारे यंत्र म्हणजे ट्रॅक्टरचलित ब्लोअर. नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांत, कर्नाटकातील विजयपूरच्या बागांत आणि पंजाबातील अबोहरच्या किन्नू बागांतही फवारणीचा मोठा भार याच यंत्रावर आहे. ट्रॅक्टरच्या पीटीओवरून निघालेला शाफ्ट गिअरबॉक्समार्फत पंखा फिरवतो, त्याच शाफ्टवर फवारणीचा पंप चालतो आणि नोझलमधून निघालेल्या थेंबांना पंख्याचा वारा वेलीत नेऊन सोडतो. वर्षानुवर्षे ही रचना फारशी बदललेली नाही. तथापि शाफ्टचे क्रॉस झिजणे, वळणावर होणारा खडखडाट, गिअरबॉक्सची गळती आणि अपघाताची टांगती तलवार यांना कंटाळलेल्या बागायतदाराच्या मनात एक विचार येणे स्वाभाविक आहे: शाफ्ट काढून टाकावा आणि पंखा हायड्रॉलिक मोटरवर फिरवावा. जेसीबीचा अवजड दांडा तेलाच्या जोरावर उचलला जातो, तर ब्लोअरचा पंखा का फिरू नये?

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर केवळ वर्कशॉपमध्ये मिळणारे नाही. ब्लोअरचा पंखा कशाने फिरतो याला किडीच्या दृष्टीने काही महत्त्व नाही. तो किती वेगाने फिरतो आणि त्याचा वारा पानाच्या खालच्या बाजूपर्यंत थेंब नेतो की नाही, याला सर्व महत्त्व आहे. म्हणून हा विषय जितका अभियांत्रिकीचा आहे, तितकाच कीटकशास्त्राचाही आहे.

बर्फाळ प्रदेशातील दाखला

यांत्रिक चालन काढून हायड्रॉलिक चालन बसवण्याचा एक परिचित दाखला कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात आढळतो. तेथील शेतकरी हिवाळ्यात घराकडे आणि गोठ्याकडे जाणाऱ्या वाटा मोकळ्या करण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे बर्फ उडवणारे यंत्र जोडतात. ते पीटीओवर चालते आणि मागे असल्याने चालकाला मान वळवून ट्रॅक्टर उलटा चालवावा लागतो. हा त्रास टाळण्यासाठी काही जण ते यंत्र पुढे बसवतात, मागच्या पीटीओवर तेलाचा पंप लावतात आणि लवचीक पाइपांनी तेल पुढे नेऊन तेथे मोटर फिरवतात.

या रूपांतरामागे तीन कारणे असतात. पहिले, ताकद जेथे शाफ्ट पोहोचू शकत नाही तेथे नेता येते. दुसरे, गोठलेला ढेकूळ किंवा दगड अडकला तर यांत्रिक रचनेत शिअर बोल्ट तुटतो आणि कडाक्याच्या थंडीत तो बदलत बसावे लागते. हायड्रॉलिक रचनेत रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, तेल परत टाकीत जाते आणि यंत्र केवळ थांबते. तिसरे कारण सहसा कोणी मोजत नाही, परंतु ते तितकेच मोलाचे आहे: बाहेरचे तापमान शून्याखाली असल्याने तापलेले तेल आपोआप थंड होते.

ही तिन्ही कारणे द्राक्षबागेत लावून पाहिली तर चित्र बदलते. ब्लोअर मागेच असतो आणि मागेच राहणार आहे. शाफ्ट तेथे सहज पोहोचतो. पंख्यात दगड अडकत नाही, त्यामुळे अचानक येणाऱ्या झटक्यापासून संरक्षणाची गरज फारशी नाही. आणि हवामानाविषयी सांगायलाच नको. खरडछाटणीनंतर, एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशी ओलांडत असताना तेल थंड ठेवणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते.

आणखी एक भेद अधिक गंभीर आहे. बर्फ उडवणाऱ्या यंत्राची ताकद कमी पडली तर चालक ट्रॅक्टर हळू करतो. काम लांबते, पण बिघडत नाही. मागे राहिलेले बर्फ डोळ्यांना दिसते. ब्लोअरची ताकद कमी पडली तर असे काहीच दिसत नाही. पंखा फिरतो, आवाज येतो, तुषारांचे धुकेही उठते. कमी पडलेला वारा आठ-दहा दिवसांनी घडावर दिसू लागतो.

शाफ्टचा धोका खरा आहे

हायड्रॉलिकच्या बाजूने सांगितले जाणारे सर्वांत सबळ कारण सुरक्षिततेचे आहे आणि ते अजिबात कमी लेखता येत नाही. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टच्या नळीचा व्यास ७ सेंटिमीटर धरला तर तिचा परीघ सुमारे २२ सेंटिमीटर होतो. उपरण्याचे किंवा ओढणीचे टोक त्यात सापडले तर सेकंदाला जवळजवळ दोन मीटर कापड गुंडाळले जाते. माणसाला धोका उमगून हात मागे घेण्याआधीच सारे घडून गेलेले असते.

मळणीयंत्रात हात गमावणाऱ्या मजुरांच्या दुःखातून या देशात १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा झाला. फिरत्या शाफ्टविषयी मात्र तितकी जागरूकता शेतात अजून दिसत नाही. नवीन शाफ्टवर प्लास्टिकचे आवरण असते. ते शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून त्याला साखळी असते. ग्रीस भरताना अडचण होते म्हणून आवरण काढले जाते आणि पुन्हा बसवले जात नाही. साखळी तर पहिल्याच हंगामात तुटलेली असते.

येथे एक साधा प्रश्न विचारायला हवा. ज्या धोक्यावर आवरण आणि साखळी हा स्वस्त उपाय उपलब्ध आहे, त्यासाठी संपूर्ण चालनव्यवस्था बदलणे कितपत योग्य? शिवाय हायड्रॉलिक रचनेतही धोका संपत नाही, त्याचे रूप बदलते. दीडशे बार दाबाच्या पाइपला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले तर त्यातून सुटणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, फारशी दुखतही नाही. पण आत तेल पसरलेले असते आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. गळती कधीही हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी, हा नियम ज्या चालकाला शिकवलेला नाही त्याच्या हाती हे यंत्र देणे म्हणजे एका धोक्याच्या बदल्यात दुसरा धोका देणे होय.

गणित काय सांगते

ताकदीचे गणित या विषयाच्या मुळाशी आहे आणि ते प्रत्येक बागायतदाराला करता येण्याजोगे आहे. तेलाचा प्रवाह मिनिटाला किती लिटर आणि दाब किती बार, यांचा गुणाकार करून ६०० ने भागले की किलोवॉट मिळतात.

बागेतील लहान ट्रॅक्टरचा स्वतःचा हायड्रॉलिक पंप मिनिटाला २० लिटर तेल १५० बार दाबाने देतो असे समजू. हिशेब ५ किलोवॉटचा होतो. पाइप आणि मोटर यांतील तूट वजा जाता पंख्याच्या दांड्यावर जेमतेम ४ किलोवॉट पोहोचतात. पंख्याला पूर्ण वेगासाठी १२ किलोवॉट लागत असतील तर एक तृतीयांश ताकद मिळाली. पंख्याचा नियम असा आहे की वारा वेगाच्या प्रमाणात बदलतो, परंतु लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे एक तृतीयांश ताकदीतही पंखा सुमारे ७० टक्के वेगाने फिरतो. फसगत नेमकी येथेच होते. फाटकाजवळ उभे राहून पाहणाऱ्याला यंत्र उत्तम चालले आहे असे वाटते. गच्च पानोऱ्याच्या आत मात्र वारा पोहोचत नाही. त्यातच अनेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्स यांचे तेल एकच असते. लिफ्ट उचलण्यापुरते अधूनमधून वापरायचे तेल तासन्‌तास दाबाखाली फिरवले तर ते तापते आणि झिजेचे कण साऱ्या यंत्रणेत फिरतात.

दुसरा मार्ग म्हणजे पीटीओवर स्वतंत्र पंप बसवणे. पंप, पाइप आणि मोटर मिळून सुमारे ७० टक्के ताकद पंख्यापर्यंत पोहोचते असे धरले तर १२ किलोवॉटसाठी पीटीओवर १७ किलोवॉट लागतात. फवारणीच्या पंपाचे २ किलोवॉट मिळवले की बेरीज १९ होते. याच ब्लोअरला शाफ्ट आणि गिअरबॉक्सवर १५ किलोवॉट पुरतात. २८ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा पीटीओ साधारण २४ अश्वशक्ती, म्हणजे १८ किलोवॉटच्या आसपास देतो. याचा अर्थ स्पष्ट आहे: जो ट्रॅक्टर शाफ्टवर ब्लोअर आरामात चालवतो, तोच हायड्रॉलिक रूपांतरानंतर दमतो. उरलेले ५ किलोवॉट कोठे जातात? ते तेल तापवतात. पाणी तापवण्याच्या एक-एक किलोवॉटच्या पाच रॉड तेलाच्या टाकीत सोडून ठेवल्या आहेत, अशी कल्पना केली तर मे महिन्यातील परिस्थिती लक्षात येईल. तेलाचे तापमान ८० अंशांच्या वर राहू लागले की सील कडक होतात, तेल पातळ होते आणि मोटरचा वेग आणखी घसरतो. थंड तेलावर सकाळी घेतलेली चाचणी दुपारच्या फवारणीची हमी देत नाही.

किडीच्या बाजूने पाहिले तर

वारा कमी पडल्याचे परिणाम सर्व किडींवर सारखे होत नाहीत. कोवळ्या फुटीवर उघड्यावर खाणारे उडद्या भुंगेरे कमी वाऱ्यातही सापडतात. फुलकिडे कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूस आणि फुलोऱ्यात दडतात. त्यांनी खरवडलेल्या कोवळ्या मण्यांवर पुढे खरबरीत डाग उरतात आणि तो माल निर्यातीतून बाद होतो. पिठ्या ढेकूण तर खोडाच्या सुटलेल्या सालीखाली, मेणचट आवरणात बसून असतो आणि मण्यांत गोडी भरू लागली की घडात शिरतो. पानोरा हलवून, पाने उलटीपालटी करून थेंब आत नेणारा वारा नसेल, तर दडून बसलेल्या किडींना औषध मिळते ते अपुऱ्या मात्रेत.

अपुरी मात्रा ही केवळ वाया गेलेली फवारणी नसते. काही कीड मरते, उरलेली तगते आणि तगलेल्या किडीची पुढची पिढी त्याच औषधाला अधिक सहन करू लागते. इकडे बागायतदाराचा समज होतो की औषधच निकृष्ट होते. तो मात्रा वाढवतो, दोन औषधे एकत्र करतो, फवारणीतील अंतर कमी करतो. काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाळणे अवघड होते आणि अवशेष तपासणीत नमुना अडकण्याची शक्यता वाढते. पंख्याच्या वेगातील घट अशा रीतीने औषधाच्या दुकानातून फिरून परदेशी बाजारपेठेपर्यंत पोहोचते. या साखळीत दोष यंत्राचा होता, हे शेवटपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

रूपांतराचा खरा लाभ

असे असले तरी हायड्रॉलिक चालन सरसकट नाकारणे योग्य ठरणार नाही. त्याचा एक लाभ खरोखर मोठा आहे: पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगापासून मोकळा होतो.

बागेला लागणारा वारा हंगामभर सारखा नसतो. ओळींतील अंतर २.७ मीटर, पानोऱ्याची उंची २ मीटर आणि ट्रॅक्टरचा वेग ताशी ४ किलोमीटर धरला तर ओळीतील सर्व हवा बदलण्यासाठी ताशी २१,६०० घनमीटर वारा लागतो. हा भर पानोऱ्याचा कमाल हिशेब आहे. फळछाटणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वेलीवर वीतभर फूट असते; तेव्हा याचा अल्पसा भागही पुरतो. शाफ्टवरचा पंखा मात्र पूर्ण वेगानेच फिरत राहतो, कारण इंजिन हळू केले तर फवारणीचा पंपही हळू होतो. दोन गती असलेला गिअरबॉक्स ही अडचण थोडी कमी करतो, पण अनेक लहान ब्लोअरांत एकच गती असते. परिणामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये औषधाचा मोठा भाग विरळ फुटीतून आरपार निघून जातो. तो शेजारच्या फुलोऱ्यातील तुरीवर आणि तेथे आलेल्या मधमाश्यांवर पडतो, बांधावरच्या मित्रकीटकांवर पडतो आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या श्वासातही जातो.

पंख्याचा वेग ७० टक्क्यांवर आणला तर वारा ७० टक्के उरतो, पण ताकद मात्र जवळजवळ एक तृतीयांशच लागते. डिझेल वाचते, औषध वाचते, मधमाशी वाचते. हायड्रॉलिक चालनाच्या बाजूने बोलायचे तर हे कारण पुढे करावे. शाफ्टचा खडखडाट हे कारण दुय्यम आहे. आणि जो बागायतदार रूपांतर करूनही वेग कधीच बदलणार नाही, त्याने त्यावर पैसा खर्च करू नये.

करायचेच असेल तर

रूपांतर करायचे असल्यास ४५ अश्वशक्तीच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा ट्रॅक्टर असावा. १२ किलोवॉटचा पंखा मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरवण्यासाठी २५ सीसीची मोटर, मिनिटाला ५३ लिटरच्या आसपास तेल आणि सुमारे १६० बार दाब लागतो. पीटीओवर एकास तीन गती वाढवणारा गिअरबॉक्स लावला तर त्यासाठी ३४ सीसीचा पंप पुरतो. या आकड्यांपैकी एक जरी अंदाजाने बदलला तरी बाकीचे सर्व बदलतात. म्हणून दुकानात शिल्लक असलेला पंप आणि भंगारात मिळालेली मोटर यांचे लग्न लावू नये.

पंख्याचे वजन मोटरच्या दांड्यावर न टाकता स्वतंत्र बेअरिंगवर घ्यावे. व्हॉल्व्ह एकदम बंद केला तरी पंखा आपल्या जोराने फिरत राहतो आणि मोटर पंपासारखी तेल ओढू लागते. तेव्हा तिला तेल मिळत राहावे यासाठी एकदिशा व्हॉल्व्हची फिरती वाट ठेवावी. वेग कमी करण्यासाठी जादा तेल टाकीत परत सोडणारा तीन तोंडांचा फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह वापरावा. साध्या व्हॉल्व्हने प्रवाह दाबून धरला तर उरलेले तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून पूर्ण दाबाने सुटते आणि सारी बचत उष्णतेत जाते. पंखा बसवलेला तेलाचा कूलर आणि परतीच्या वाटेवर फिल्टर या चैनीच्या वस्तू नाहीत. १०० लिटर तेलाचे वजन ८५-९० किलो भरते, याचाही विचार ओल्या जमिनीत चालणाऱ्या यंत्रासाठी करावा. पाइपांना आवरण द्यावे. फुटलेल्या पाइपातून वेलीवर उडालेले तेल पाने करपवते आणि जमिनीत मुरते.

या सर्वांनंतर एक चाचणी अनिवार्य मानावी. पाणी पडताच निळे होणारे पिवळे संवेदनशील कागद पानोऱ्याच्या आत, पानांच्या वरच्या आणि खालच्या बाजूंना, तसेच घडांजवळ लावावेत आणि नुसते पाणी फवारून पाहावे. रूपांतरापूर्वी एकदा आणि नंतर एकदा. दुसरी चाचणी तेल पुरते तापल्यावर, दुपारी घ्यावी. खालच्या बाजूचे कागद पूर्वीइतके निळे झाले नाहीत, तर यंत्र कितीही गुळगुळीत चालत असले तरी रूपांतर फसले असे समजावे.

संस्थांची जबाबदारी

ट्रॅक्टरचा पीटीओ किती ताकद देतो आणि त्याचा हायड्रॉलिक पंप किती तेल देतो, हे मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या अहवालांत नोंदलेले असते. ही माहिती विक्रेत्याच्या टेबलापर्यंत आणि गावातील वर्कशॉपच्या भिंतीपर्यंत मराठीतून पोहोचली, तर निम्मी चुकीची रूपांतरे सुरू होण्याआधीच थांबतील. भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था, मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि राज्यातील कृषी विद्यापीठे यांनी या विषयावर एकत्र बसण्याची गरज आहे. अभियंता पंख्याचा वेग मोजतो, कीटकशास्त्रज्ञ पानावरची कीड मोजतो. दोन्ही मोजण्या एकाच बागेत, एकाच दिवशी क्वचित होतात. बदलत्या वेगाचा पंखा हंगामाच्या कोणत्या टप्प्यावर किती वेगाने चालवावा, याचे साधे कोष्टक बागायतदाराच्या हाती देणे हे अशा संयुक्त कामाचे पहिले फलित असायला हवे.

तोपर्यंत लहान ट्रॅक्टरच्या धन्याने शाफ्ट ठेवावा, त्यावरचे आवरण पुन्हा बसवावे, साखळी बांधावी, क्रॉसला वेळेवर ग्रीस द्यावे आणि ब्लोअर चालू असताना शाफ्टजवळ कोणालाही फिरकू देऊ नये. नवा ब्लोअर घेताना दोन गतींचा गिअरबॉक्स मागून घ्यावा. मोठा ट्रॅक्टर असलेल्या, भाड्याने फवारणी करणाऱ्या व्यावसायिकाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने हायड्रॉलिकचा विचार अवश्य करावा. मात्र तो आकडे मांडून करावा आणि त्याचा निकाल पिवळ्या कागदावर पाहावा.